पदर खोचलेल्या खुर्च्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर एक काळा फळा आहे. त्याच्या डाव्या बाजूला आमचे हे लिहितात. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय जिभेला कधी लागलीच नाही, आता या वयात काय लागणार. गल्ली त्यांना नाना म्हणते, तुम्हीही नानाच म्हणा. उभा जन्म एसटीच्या डेपोत गेला, त्यामुळे त्यांच्या बातम्याही वेळापत्रकासारख्या. नळ कधी येणार, लाईट कधी जाणार, कोण वारलं, दहावं कुठं, रेशनला काय आलंय. अक्षर सुरेख, पण हसू म्हणून नाही त्यात. आणि उजव्या बाजूला मी चित्र काढते.

आता तुम्ही म्हणाल, चित्रकलेचं शिक्षण कुठलं. छे हो. शाळाच चौथीपर्यंत. माहेर शिंदखेड्याकडचं, तिथं नागपंचमीला सारवलेल्या भिंतीवर गेरूचे नाग काढायचे ते काम माझ्याकडे. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा उशांच्या अभ्र्यांवर निळा कार्बन ठेवून मोर-पोपट छापायचे आणि दोऱ्याने भरायचे. एकदा मोराची मान छापताना कार्बन सरकला, मान वाकडी आली, आणि तो मोर थेट आमच्या माहेरच्या तलाठ्यासारखा दिसायला लागला. मी एकटीच हसत बसले. तो अभ्रा मी कुणाला दिला नाही. सांगायचं काय, तर माणसाचं चित्र हुबेहूब काढता आलं नाही तरी चालतं, त्याची खोड काढता आली पाहिजे, हे मला त्या मोराने शिकवलं.

फळ्यावरचं पहिलं चित्र असंच निघालं. आठवडा झाला नळाला पाणी नव्हतं. नाना रोज त्याच जागी "आज पाणी येणार नाही" लिहीत होते, आणि उजवी बाजू रिकामीच असायची. मी सडा-रांगोळी झाल्यावर हातातला खडू घेऊन तिथं एक नळ काढला, जीभ बाहेर काढून धापा टाकणारा. नाना म्हणाले, "पूस ते. लोक काय म्हणतील." लोक तर थांबून हसायला लागले. दूधवाला म्हणाला, "अक्का, याला दोन थेंब पाजा हो कुणीतरी." झालं. त्या दिवसापासून उजवी बाजू माझी.

फळ्याला लागूनच पेंटरभाऊंचं दुकान. अर्ध्या धुळ्याच्या पाट्या एके काळी त्यांनी रंगवलेल्या. ट्रकच्या मागची मोरपिसं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, बँडवाल्यांच्या गाड्या, देवळातली देणगीदारांची नावं, मशिदीतला नमाजाच्या वेळांचा तक्ता, सगळं एकाच हाताचं. मग ते फ्लेक्स का काय आले, आणि भाऊंचा ब्रश बसला. आता नंबरप्लेटा करतात. पण दिवाळीच्या आधी आमच्या फळ्याला काळा रंग त्यांनी द्यायचा, आणि ईदला शीरखुर्म्याचा पहिला वाटा नानांना यायचा, हे काही चुकलं नाही. आमच्या घराचं दार हिरवं आहे तेही त्यांच्याच उरलेल्या डब्यातलं. मी म्हटलं होतं, निळं द्या. म्हणाले, "अक्का, डब्यात जे आहे ते दारावर येईल."

माझे गुरू ते. खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवला की रेघ ठसठशीत बसते, हे त्यांनी सांगितलं. नंतर फळ्यावर मुंग्या आल्या, तेव्हा म्हणाले, "बघा, तुमच्या चित्राला पहिली गिऱ्हाइकं मिळाली." दुकानातून मान बाहेर काढून तिथूनच सांगायचे, "अक्का, डोळा खोटा आलाय. डोळा खोटा तर माणूस खोटा." मी पुसून पुन्हा काढायची.

त्यांची बायको, भाभी, माझी समोरची शेजारीण. दारासमोर दार. दिवसभर तिचं शिलाई मशीन चालू, पिको-फॉल, ब्लाऊज. माझ्या चित्रावर पहिला शेरा तिचाच. "अक्का, आज कुणाची उतरवलीत?" असं मशीन न थांबवता विचारायची.

तर, उतरवायची कुणाची, यावरून आमच्याकडे वाद. नानांनी एक अट घातली होती. चेहरा काढायचा नाही. "चेहऱ्याच्या मागे माणसं उभी असतात," म्हणाले, "नळाच्या मागे कुणी नसतं." डेपोतला माणूस, त्याला कुणाच्या मागे कोण उभं असतं ते बरोबर कळतं. मग मी खुर्ची काढायला लागले. माझ्या चित्रात सरकार म्हणजे खुर्ची. लाकडी, चार पायांची, हातांवर कोपर टेकून बसलेली. सरकार बदललं, पक्ष बदलले, मला काही बदलावं लागलं नाही. कोपऱ्यावर कॅमेरा बसवला आणि नळाला पाणी काही आलं नाही, तेव्हा खुर्ची डोळ्याला दुर्बीण लावून कोरड्या नळावर पाळत ठेवतेय असं काढलं. संध्याकाळी ओट्यांवर घोळक्याने बसायचं नाही असा हुकूम निघाला, तेव्हा रिकामे ओटे आणि त्यांच्यावर ऐसपैस बसलेली एकच खुर्ची काढली. ओट्यावर न बसता लोक त्या चित्रासमोर घोळका करून उभे राहिले. ही भाऊंची आवडती गोष्ट, ते अजून सांगतात.

आणि मग ते लढाईचे दिवस आले.

लढाई म्हणजे पुरती झाली नाही, पण होणार, होणार, असं टीव्ही रात्रंदिवस ओरडत होता. भोंग्याचा सराव झाला. लाईट बंद कसे करायचे ते सांगून गेले. पानाच्या टपरीवर जो तो सेनापती. हे उडवा, ते उडवा, आता थांबायचं नाही. मी भाजी घेऊन येताना ऐकायची. टपरीवर उभ्या असलेल्यांपैकी एकाचाही पोरगा सीमेवर नव्हता. ज्यांचे होते त्या बाया टीव्ही बंद करून बसल्या होत्या. माझ्या माहेरात दर दोन घरांआड एक फौजी. तिकडच्या माझ्या भावजयीचा पोरगाही सीमेवर; तिला फोन केला, तर ती म्हणाली, "अक्का, फार बोलू नका, फोन मोकळा ठेवते. त्याचा आला तर?" एवढं बोलून ठेवला.

त्याच दिवसांत आखाजी आली, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, घरात गौराई, ताटात सांजोऱ्या आणि आंब्याचा रस. आणि आमच्या नदीकाठच्या गावांत अजून एक गंमत. आखाजीला नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावांच्या बाया उभ्या राहतात, पदर खोचतात, आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. ढेकळं फेकतात, दगडही फेकतात. एखादीला टेंगूळ येतं, तेही ती वर्षभर कौतुकाने दाखवते. पुरुषांनी मधे पडायचं नाही. आणि ऊन उतरलं की सगळ्या घरी, रस-पोळी जेवायला. दुसऱ्या दिवशी त्याच पल्याडच्या बाईकडे विरजण मागायला जायचं. मीही पोरवयात घसा बसेपर्यंत ओरडलेय. राग यायचा नाही, खरं सांगते. वर्षाचं साचलेलं तेवढं नदीत सोडून यायचं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यासमोर उभी राहिले आणि हात आपोआप चालायला लागला. मधे नदी काढली. दोन्ही काठांवर दोन खुर्च्या, पदर खोचून, तोंडं वासून भांडणाऱ्या. दोघींच्या पायाशी दगडांचे ढीग. आणि त्या प्रत्येक दगडाला मी बारीक डोळे आणि नाक काढलं. पोरांचे चेहरे. एक दगड हवेत, नदीच्या मधोमध, घाबरलेला. खाली लिहिलं, आमच्या अहिराणीत:

"भांडण तुमनं, आंडोर आमना!"

आंडोर म्हणजे मुलगे. भांडण तुमचं, मुलगे आमचे.

भाऊ दुकानातून बाहेर आले.  बराच वेळ बघून म्हणाले, "अक्का, त्या हवेतल्या दगडाचा डोळा खरा आलाय." भाभीने मशीन थांबवून पाहिलं. ते मशीन सहसा थांबत नाही.

दुपारी जळगावच्या लेकीचा फोन. "आई, तुझं चित्र माझ्या मोबाईलवर आलं. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय." मी खूश. म्हटलं, बघा, जळगावला पोचलं, मीच अजून यंदा गेले नाही. ती म्हणाली, "ऐकून घे आधी. लोक काय काय लिहितायत खाली. म्हणतायत, धुळ्यात दगडफेकीला चिथावणी. म्हणतायत, बघा हा कोण पेंटर आहे. खाली पेंटरभाऊंच्या दुकानाचं नाव आहे ना, आई."

मी फोन तसाच खाली ठेवला. बाहेर येऊन फळा नीट पाहिला. पाटी रंगवणारा माणूस कोपऱ्यात आपल्या दुकानाचं नाव घालतोच, लहान अक्षरात. ती त्यांची रीत. भाऊ फळ्याला दर वर्षी काळा रंग देत, आणि उजव्या कोपऱ्यात पिवळ्या ऑइलपेंटने आपलं नाव लिहीत. आम्हा गल्लीतल्यांना ते भिंतीच्या विटेसारखं, आहे ते आहे. पण फोटोत ते बरोबर माझ्या चित्राखाली आलं होतं. जणू सहीच. आणि नाव वाचून माणूस कोण ते कुणालाही कळत होतं.

मी फळा पुसायला ओलं फडकं घेतलं तेवढ्यात दोन हवालदार आले. फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये होताच. पुसून काय उपयोग. मी म्हणतेय, चित्र माझं आहे, माझं आहे, तर एक जण हसून म्हणाला, "आजी, तुम्ही घरात बसा." भाऊंना म्हणाले, "साहेबांनी बोलावलंय. पाच मिनिटांचं काम आहे." भाऊंनी हात टर्पेन्टाईनने पुसले, टोपी घातली, आणि गेले. दुकानाचं शटर उघडंच.

भाभी दारात उभी होती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अक्का, चित्र तुमचं, आणि माणूस आमचा गेला."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

नाना म्हणाले, ओळखीच्या वकिलाला फोन करू, थोडं थांबू. मी चपला घातल्या, खडूचा डबा पिशवीत टाकला. भाभीने बुरखा चढवला. नाना मागून शर्टाची बटणं लावत रिक्षात बसले.

ठाण्यात भाऊ भिंतीला लागून उभे होते. साहेब तरुण होते, इकडचे नव्हते, पार दक्षिणेकडचे, बदली होऊन नवे आलेले. माणूस वाईट नव्हता. पण सारखा फोन वाजत होता, आणि दर फोनला ते "हो सर, चौकशी चालू आहे सर" म्हणत होते. मला बघून म्हणाले, "बोला आजी, काय तक्रार?"

"तक्रार नाही. कबुली आहे. ते चित्र मी काढलंय."

साहेबांनी भाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, यांना वाचवायला आलात, चांगली गोष्ट आहे. पण खोटं बोलू नये."

आता काय करणार. मी पिशवीतून खडू काढला, तिथंच फरशीवर बसले, गुडघे कुरकुरले तरी बसले, आणि खुर्ची काढायला लागले. चार पाय, हात, वासलेलं तोंड, खोचलेला पदर. वरून नाना सांगतायत, "साहेब, चाळीस वर्षं एसटीत काढली, बाईला खोटं बोलता येत नाही, त्याचा मला फार त्रास झाला." साहेब खुर्चीतून उठून वाकून बघायला लागले. माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीच्या पायाशीच होती. हसू त्यांना दाबता येईना.

"हे तुमचंच," म्हणाले. "पण आजी, दगडफेक का काढली? दोन गट, मधे नदी, दोन्हीकडून दगड. हे गाव कसलं आहे माहीत आहे ना? असल्या दिवसांत याचा अर्थ काय होतो?"

"अहो, ती आखाजी आहे!"

"कोण आखाजी?"

घ्या. मी कपाळाला हात लावला. ज्याला आखाजी माहीत नाही त्याला माझं चित्र म्हणजे नुसती दंगल. मी सांगू लागले, झोके, गौराई, दोन काठ, शिव्या. साहेबांच्या तोंडावर अविश्वास. बाया? एकमेकींना? आणि पोलीस काय करतात?

कोपऱ्यात एक महिला हवालदार रजिस्टर लिहीत बसली होती. मघापासून ती खाली मान घालून ओठ चावत होती. मला संशय आला. मी तिच्याकडे तोंड करून, टेबलाच्या अलीकडून, आखाजीचा सूर लावला, पल्याडच्या बाईची भाकर कच्ची काढली:

"ये व पल्लाडनी! तुनी भाकर कच्ची शे!"

आणि बाई, त्या पोरीच्या तोंडून बंदुकीतून सुटावं तसं आलं, "तुनं कालवण खारं शे व, सात घरनी!" माझं कालवण खारट, आणि वर मी सात घरं हिंडणारी! मग जीभ चावून उभी राहिली. "सॉरी सर."

नाना, भाऊ, दारातला हवालदार, सगळे हसले. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" तर शिंदखेड्याच्या बाजूचीच. "सर, खरं आहे," ती म्हणाली. "आमच्याकडेपण असंच. माझ्या आईच्या कपाळावर खूण आहे सर. आणि सर, आंडोर म्हणजे मुलगा. माझा भाऊ पण आहे तिकडे बॉर्डरवर, ड्यूटीवर." शेवटचं वाक्य तिने हळू म्हटलं.

मग साहेबांनी फोटो पुन्हा उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणि दगडांचे चेहरे त्यांना पहिल्यांदा दिसले. त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. मग चहा सांगितला. मला खुर्ची दिली.

चहा आला. मी कप तोंडाला लावणार, तेव्हा लक्षात आलं. माझ्या हातात कप, नानांच्या हातात कप. भाऊ अजून उभे. भाभी बाकाच्या टोकाला, बुरख्याचं टोक मुठीत धरून. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. मी कप खाली ठेवला.

"साहेब," मी म्हटलं, "मी काढलं म्हटल्यावर ते चित्र गमतीचं झालं. मघापर्यंत भाऊंनी काढलंय असं वाटत होतं, तेव्हा तेच चित्र गुन्हा होतं. रेघ तर एकही बदलली नाही."

मला वाटलं ते रागावतील. त्यांनी मान खाली घातली, आणि म्हणाले, "आजी, दिवस वाईट आहेत. मला वर उत्तर द्यावं लागतं." मग भाऊंना म्हणाले, "बसा हो. बसा तुम्ही." भाऊ म्हणाले, "आता काय बसायचं साहेब, घरी जातो." त्यांच्या आवाजात काही नव्हतं, ना राग, ना आभार.

निघताना साहेब म्हणाले, काही दिवस चित्रं बंद ठेवा. नाना म्हणाले, "लेखी द्या." डेपोतला माणूस. साहेब म्हणाले, लेखी नाही, तोंडीच समजा. मी म्हटलं, "मग मीही तोंडाने गप्प बसेन. हाताचं काही सांगत नाही." ती शिंदखेड्याची पोर पुन्हा रजिस्टरमध्ये घुसली.

 रिक्षात, गल्लीचं वळण आलं तेव्हा भाऊ म्हणाले, "अक्का, फरशीवरच्या खुर्चीचा मागचा पाय चुकला होता." मला रडू आलं, आणि हसूही. भाभी मात्र बाहेर बघत राहिली.

नंतरचे दिवस वाईट गेले. भाभीचं मशीन चालू असायचं, पण शेरा येईना. मी भरीत केलं, वांगी भाजल्याचा वास तिच्यापर्यंत गेला असणार, एरवी ती दारातूनच विचारायची, मिरची किती घातली. काही नाही. मी एकदा गेलेच. म्हटलं, भाभी, रागावलात?

ती म्हणाली, "अक्का, रागावले नाही, भ्यायले. तुमच्या दारात साहेब आला तर चहा पिऊन जाईल. आमच्या दारात चहा प्यायला येत नाही कुणी. मोबाईलवर त्यांचं नाव अजून फिरतंय. तुमचं कुठं आहे?"

 खरंच कुठं होतं माझं नाव? गल्लीला माहीत, म्हणून मी कधी घातलं नाही. बाईमाणसाने नाव कशाला घालायचं, असंही कुठंतरी आत असेल. आणि उजवी बाजू आता रिकामी होती. नाना एकटेच डावीकडे पाण्याच्या वेळा लिहीत होते.

एका सकाळी बाहेर आले तर भाऊ फळ्यासमोर उकिडवे बसलेले, हातात पत्र्याची पट्टी. आपलं नाव खरवडत होते. पहिलं अक्षर अर्धं गेलं होतं.

"भाऊ, हे काय?"

"काढून टाकतो. तुम्ही काढा चित्र. बिना नावाच्या फळ्यावर काढा. घरात शांती राहील."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. तुम्हाला सांगते, त्या माणसाची नावं गावातून एकेक करून गेली. दुकानं बदलली, पाट्या उतरल्या, भिंतींना नवे रंग लागले. धुळ्यात त्यांचं नाव रंगात लिहिलेलं जे काही उरलंय, त्यात हा फळा. आणि ते त्यांनीच खरवडायचं? तेही माझ्या चित्रामुळे? मी पट्टी हातातून काढून घेतली.

"तुमचं नाव राहील. माझं घाला शेजारी. माझ्यामुळे कुणी यायचं असेल तर माझ्याकडे यावं."

"नाव घालून काय होणार अक्का? या गल्लीत अक्का म्हणून चार जणी आहेत. येणारा पुन्हा मलाच विचारणार."

"मग घर घाला. चित्र काढणारी राहते ते दार. हिरवं दार."

भाऊ विचारात पडले. नाना घरातून ऐकत होतेच, बाहेर येऊन म्हणाले, "मग बातम्यांखाली माझंही घाला. पाण्याची वेळ चुकली तर लोक येतातच शिव्या द्यायला, पत्ता तरी नीट असू दे." पण भाऊ उठेनात. त्यांनी पाठीमागे, आपल्या घराकडे पाहिलं. भाभी दारात उभी होती, कमरेवर हात. मशीन बंद.

आम्ही तिघं म्हातारी माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिने नाही म्हटलं असतं तर मी खडू खाली ठेवला असता, खरंच ठेवला असता. चित्रापायी कुणाच्या घरची झोप जात असेल तर ते चित्र नको.

ती रस्ता ओलांडून आली. खरवडलेलं अक्षर बोटाने चाचपलं. मग नवऱ्याला म्हणाली, "लिहा. पण यांचं दार वर लिहा, आणि मोठं लिहा. चित्राच्या एकदम खाली. फोटो काढला तर ते कापता येता कामा नये. तुमचं खाली, बारीक. आणि तुमच्या नावाआधी लिहा, फळ्याला रंग देणार. फक्त रंग."

"इतकं सगळं?" भाऊ म्हणाले.

"इतकं सगळं."

भाऊंनी दुकानातून पिवळा डबा आणला, ब्रशची लव दातांनी सरळ केली. आधी खडूने रेघा आखल्या. भाभी मागे उभी राहून सांगत होती, अजून मोठं, अजून. "चित्र काढणार: गल्लीतलं हिरवं दार." तिने दोनदा वाचून पाहिलं, रस्त्याच्या पलीकडे जाऊन तिथूनही वाचून पाहिलं. मग भाऊंनी आपलं अर्धं गेलेलं अक्षर भरलं.  

आता दार वाजतं. फार वाजतं. पाणीवाटपवाल्या खात्यातला एक जण आला, म्हणाला, आमचा नळ इतका वाळलेला दाखवायचा नाही. मी म्हटलं, पाणी सोडा, मी त्याला अंघोळ घालते. टपरीवरचा एक सेनापती आला, तावातावाने, की तुम्ही देशाच्या विरुद्ध आहात. त्याला आत बसवलं, लाडू दिला, विचारलं, तुझा पोरगा काय करतो? म्हणाला, पुण्याला कंपनीत. म्हटलं, सुखी राहो. सगळ्यांचेच राहोत. लाडू खाऊन गेला, पटलं म्हणून नाही, पण शांत गेला. एकदा साहेबही आले होते, खरंच, चहा प्यायला. भाऊंनाही बोलावून घेतलं. भाऊ आले, पण कप हातात घेऊन उभेच राहिले. मी बसा म्हटलं तेव्हा बसले. असं एका दिवसात काही जात नाही.

लढाईचं बोलणं थंड पडलं, पण संपलं म्हणवत नाही. माझ्या भावजयीला फोन लावला की ती अजून पहिल्या घंटीला उचलते. खुर्च्या मी अजून काढते. पदर मात्र काढून टाकला, बायांना उगाच बदनाम केलं असं वाटलं. आमच्या बाया संध्याकाळी घरी तरी जातात.

परवा दुपारी दार वाजलं. उघडंच होतं, तरी कडी वाजवली कुणीतरी. बघते तर भाभी. ओढणी डोक्यावर घेऊन, सरकारी कामाला आल्यासारखा चेहरा.

"चित्रं काढणारी बाई इथंच राहते का?"

"इथंच राहते. काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही, काम आहे." ती उंबऱ्यावर बसली. गॅसच्या सिलिंडरसाठी बोटाचा ठसा द्यायला तिला एजन्सीत चकरा मारायला लावल्या होत्या. शिवून शिवून बोटं घासलेली, त्यांच्या मशीनवर ठसा उठेना. आणि तिथला माणूस म्हणाला, ठसा नाही तर तुम्ही तुम्हीच आहात कशावरून? "अक्का, मी रोज शंभर ब्लाऊज याच बोटांनी शिवते, आणि तो मलाच विचारतो मी कोण."

"रोज शंभर?"

"बरं, चार. तुम्ही चित्रात शंभर काढा."

मी हसले. म्हटलं, उद्याच काढते. खुर्ची तुमचं बोट भिंगातून बघतेय, आणि भिंगात नुसत्या सुईच्या खुणा दिसतायत.

"हो, तसंच," ती म्हणाली. ओढणी सारखी करून उठली, रस्ता ओलांडून आपल्या दारापर्यंत गेली, आणि तिथून वळून मोठ्याने म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "बोट माझं काढा, पण पत्ता तुमचाच हां अक्का!"

"माझाच, बाई, माझाच," मी म्हटलं.